तेल वाढतं कसं? भुसावळ ते तोरणमाळ, पाच दिवस

पहिला दिवस: भुसावळ, जळगाव, अमळनेर

नाना गेल्यावर त्यांची गाडी विकायचा विषय मी एकदाच काढला. आई म्हणाली, "विक. पण आधी मला शहाद्याला मावशीकडे नेऊन आण, मग विक." याला तीन वर्षं झाली. गाडी अजून दारात आहे. १९९७ सालची पांढरी मारुती ८००, एमएच १९, कार्बोरेटरवाली, एसी नाही. यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एकदाचे निघालो. पहिला मुक्काम अमळनेर, आईचं माहेर. मग धुळे, शहादा आणि जमलं तर तोरणमाळ.

डॅशबोर्डच्या कप्प्यात नानांची डायरी असते. रेल्वेत नोकरी झाल्यामुळे लॉगबुकशिवाय त्यांना चैन पडत नसे. तारीख, किलोमीटर, पेट्रोल आणि शेवटचा रकाना 'काठी'. काठी म्हणजे डिपस्टिक. नाना गेल्यावर ती डायरी आई लिहिते आणि मला विचारून लिहिते, त्यामुळे काठी बघण्यातून माझी सुटका नसते. निदान नसायला हवी. दिवाळीनंतर मी ती बघितलीच नव्हती. आईला "ठीक आहे" एवढंच सांगत आलो होतो.

सकाळी साडेसातला निघालो. साकेगावजवळ वाघूरचा पूल ओलांडला, नशिराबाद मागे पडलं, जळगावात शिरण्याआधी पेट्रोल भरलं. गाडी छान चालली होती. आकाशवाणी चौकात सिग्नलला थांबलो आणि डॅशबोर्डवर तांबडा दिवा लुकलुकला. तोटीतून थेंब पडणारी तेलाची झारी, ते चित्र. अर्धा सेकंद लागला, विझला, परत लागला. सिग्नल सुटला, रेस दिली, गायब.

हा दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाचा दाब सांगतो. इंजिनच्या ब्लॉकमध्ये बोटाच्या पेराएवढा एक स्विच असतो. दाब नसेल तेव्हा तो तारेला बॉडीशी जोडतो आणि दिवा लागतो. तेलाचा पंप फिरला, दाब आला, की आतला पडदा ढकलला जातो, जोड तुटतो, दिवा विझतो. चावी फिरवल्यावर दिवा लागायचा आणि इंजिन सुरू होताच विझायचा तो यामुळे. दाब साधारण पाव-अर्ध्या किलोच्या (चौरस सेंटीमीटरला) खाली गेला तरच तो बोलतो. म्हणजे तो लागतो तेव्हा जरा जपून, पुढच्या गावी बघू, असं म्हणायची वेळ उलटून गेलेली असते. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, बेरिंगा तेलाच्या पातळ थरावर फिरतात. तो थर फाटला तर धातूवर धातू घासायला फार वेळ लागत नाही.

एवढं सगळं मला माहीत होतं. तरी चौक ओलांडून, गर्दी सुटल्यावर, निंबाची सावली बघूनच थांबलो. माहीत असणं आणि पाय ब्रेकवर जाणं यात अर्ध्या किलोमीटरचं अंतर पडलं.

दहा मिनिटं थांबून, तेल इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरू देऊन काठी काढली, पुसली, परत घातली, काढली. तेल वरच्या खुणेच्याही नखभर वर. मला हायसं वाटलं. तेल भरपूर आहे, म्हणजे दिवा खोटा. आई खिडकीतून बघत होती. म्हणाली, "रॉकेलसारखा वास येतोय रे."

"आत्ताच पंपावर थांबलो होतो ना आपण."

तिने डायरी काढली. चष्मा लावून दिवाळीची नोंद वाचली: ऑइल बदलले, काठी वरच्या खुणेला टेकून. "मग आता खुणेच्या वर कसं? तेल वाढतं कसं?"

मी म्हटलं, रस्त्याला उतार आहे, गाडी तिरकी उभी आहे. खरं तर रस्ता पोळपाटासारखा सपाट होता. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईकडून इंजिनाचा धडा घ्यायची माझी तयारी नव्हती.

पाळधीहून धरणगावच्या रस्त्याला लागलो. धरणगावला चहा घेतला. टपरीवाल्याला दिव्याबद्दल सांगितलं तर त्याने इंजिनाकडे न बघताच निदान केलं, "गाडी चालस ना भाऊ? मंग चालू द्या. लाइट काय, लागस नि बंद व्हस." इथून पुढे आईची भाषा बदलते. भुसावळला पन्नास वर्षं राहून ती लेवा बोलीत भांडायला शिकली, पण धरणगाव ओलांडलं की तिच्या तोंडी अहिराणी येते, आणि आवाजही थोडा मोठा होतो.

अमळनेरच्या आत गर्दीत अडकलो तेव्हा दिवा पुन्हा लागला. मी उजवा पाय ॲक्सिलेटरवर हलका दाबून ठेवला, दिवा विझला, आणि तसाच रेस देत मामांच्या दारापर्यंत गेलो. आईने डायरीत लिहिलं: लाल दिवा, २ वेळा, दोन्ही वेळा गाडी उभी. ही नोंद पुढे कामाला आली. तेव्हा मला ती उगाच वाटली.

रात्री मामीने कळण्याची भाकरी आणि शेवभाजी केली. तर्री बघून मला पुन्हा डिपस्टिक आठवली.

दुसरा दिवस: अमळनेर, पारोळा, धुळे

सकाळी मामांच्या ओळखीच्या गॅरेजात. पोरगा विशीतला, हुशार. बोनेट उघडून त्याने आधी स्विचची तार काढली, मला चावी फिरवायला सांगितली. दिवा लागला नाही. "तार चांगली शे," म्हणाला. चाचणी बरोबर होती: तार कुठे बॉडीला घासत असती तर स्विच काढूनही दिवा लागला असता. मग म्हणाला, स्विच गेला. इथे मात्र त्याने एक पायरी गाळली. तार चांगली आहे एवढ्यावरून स्विच वाईट ठरत नाही. दिवा खरंच दाब कमी असल्याचं सांगत असेल, ही शक्यता उरतेच. पण मला तेच ऐकायचं होतं, त्यामुळे मीही ती पायरी गाळली.

नवा स्विच आणला. जुन्याच्या आट्यांतून तेल पाझरत होतं म्हणून पोराने नव्या स्विचला टेफ्लॉन टेपचे चांगले पाच-सहा वेढे दिले, बॉक्स पान्याने कसला, तार लावली. इंजिन सुरू केलं. दिवा नाही. रेस सोडली, दिवा नाही. दहा मिनिटं उन्हात तसंच चालू ठेवलं, दिवा नाही. पैसे दिले, पोराच्या पाठीवर थाप मारली.

अमळनेरला आलो की मामा दर वेळी एक गोष्ट सांगतात. आज ज्या विप्रोचं नाव संगणकामुळे जगभर आहे तिची सुरुवात १९४५ साली या गावात वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली. भुईमुगाचा पट्टा, शेंगदाण्याचं तेल, त्यावरचा उद्योग. तेव्हाची कंपनी म्हणजे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. आईच्या लहानपणी गावात खूप जणांकडे त्या कंपनीचे शेअर होते म्हणे, आणि कोणी कधी विकले, कोणी ठेवले, यावर मामांकडे तासभराचा मजकूर आहे. आजोबांनी घेतलेच नव्हते, त्यामुळे आमच्या घरी हा विषय जेवणानंतरच काढतात.

ऊन उतरल्यावर, चारला निघालो. पारोळ्याला किल्ल्याच्या तटाजवळ पाणी प्यायलो. रस्ता मोकळा, दिवा अंधारा, मी गाणं म्हणत होतो. धुळ्यात पांझरेचा पूल, संध्याकाळची गर्दी, पाच-पाच मिनिटं उभे, तरी दिवा नाही. आईने डायरीत लिहिलं: दिवा ०.

रात्री जेवायला बाहेर पडताना चावी फिरवली, आणि हात तिथेच थांबला. बॅटरीचा दिवा तांबडा लागला होता. त्याच्या शेजारची तेलाची झारी काळी.

इंजिन बंद, चावी चालू, तर तो दिवा लागलाच पाहिजे. दाब नाहीच ना. तो लागत नव्हता, म्हणजे सकाळपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर मी ज्याला बरं झालं म्हणत होतो तो मुका झाला होता. इंजिनात तेलाचा थेंब नसता तरी डॅशबोर्ड असाच शांत राहिला असता.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे कालचा दिवा बरा होता." मग पायीच जेवायला गेलो.

तिसरा दिवस: धुळे

हा पूर्ण दिवस एका गॅरेजात गेला आणि सहलीतला सगळ्यात चांगला दिवस हाच.

जुन्या धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत, पत्ते त्यावरच चालतात. लॉजच्या मालकाने एका गल्लीचा नंबर सांगितला आणि म्हणाला, "मारुती असेल तर चाचाकडेच." चाचा सत्तरीचे, दाढी मेंदीची, डाव्या हाताचं एक बोट अर्धं. एका लाकडी पेटीवर बसलेले. मी काल-परवाची हकिकत सुरू केली तर हात वर करून म्हणाले, "थांबा. आधी हे सांगा, दिवा कधी लागतो? गार असताना की गरम? चालताना की उभी असताना? वळणावर? खड्ड्यात?"

मी आठवायला लागलो. आईने डायरी पुढे केली. त्यांनी ती नोंद दोनदा वाचली.

"वळणावर लागला असता तर तेल कमी," चाचा म्हणाले. वळणावर तेल चेंबरच्या एका बाजूला जातं आणि पंपाची जाळी उघडी पडून हवा ओढते. "खड्ड्यात लागला असता तर तार. गरम होऊन उभी राहिल्यावरच लागतो, तर तेल पातळ आहे, नाहीतर बेरिंग गेलीय, नाहीतर पंप."

मग त्यांनी स्विचची तार काढून ब्लॉकला टेकवली. दिवा लागला. म्हणजे बल्ब आणि तार दोन्ही चांगले. स्विच खोलून हातात धरला आणि टेपचे वेढे बघून हसले. या स्विचला एकच तार असते, दुसरा जोड त्याच्या आट्यांतून ब्लॉकला, म्हणजे बॉडी अर्थला. आट्यांवर टेप इतका गुंडाळला होता की अर्थच तुटला होता. "स्विच नवा, चांगला. त्याला चादरीत गुंडाळून झोपवलं."

टेप खरवडून काढला, पण स्विच लगेच बसवला नाही. त्या भोकात त्यांनी पितळी नळी आणि तिच्या टोकाला काट्याचं गेज लावलं. काच पिवळी पडलेली, आकडे किलोत. ही दहा मिनिटांची गोष्ट कालच झाली असती तर माझा एक दिवस वाचला असता. स्विच फक्त हो किंवा नाही सांगतो, गेज किती ते सांगतं.

गार इंजिनला काटा तीनच्या जवळ गेला. मी खूश. चाचांनी खुर्ची दिली, चहा मागवला. गाडी तशीच चालू. बाहेर बेचाळीस अंश असावेत. पत्र्याखाली तर विचारू नका. वीस मिनिटांनी रेडिएटरचा पंखा सुरू झाला तेव्हा काटा एकच्या खाली होता. आणखी थोड्या वेळाने तो पाव आणि अर्ध्याच्या मध्ये येऊन, घशात काही अडकल्यासारखा, थरथरत राहिला. आकाशवाणी चौकात दिवा जे सांगत होता तेच काटा सांगत होता. रेस दिल्यावर दोनच्या वर.

माझ्या पोटात गोळा आला. बेरिंग म्हणजे इंजिन खाली उतरवायचं. अठ्ठावीस वर्षांच्या गाडीवर तो खर्च म्हणजे गाडी गेलीच.

चाचांनी इंजिन बंद केलं, थोडं थांबून काठी काढली. तेल बोटावर घेतलं, अंगठ्याने चोळलं, नाकाशी नेलं. काही न बोलता तेच बोट आईसमोर धरलं.

"रॉकेल," आई म्हणाली.

"पेट्रोल," चाचा म्हणाले. "तेल किती वाढलं?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपाकडे.

कार्बोरेटरच्या मारुतीत टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप इंजिनावरच बसवलेला असतो, इंजिनाच्याच फिरण्यावर चालतो. मिस्त्री लोक त्याला एसी पंप म्हणतात. त्यात रबरी पडदा असतो, डायफ्रॅम. तो जुना होऊन चिरला की प्रत्येक हेलकाव्याला थोडं पेट्रोल आत, इंजिनात झिरपतं आणि खाली तेलात मिसळतं. गाडी चालायची थांबत नाही. काठीवर तेल कमी दिसत नाही, उलट वाढतं, आणि मालक निर्धास्त होतो. तेल मात्र पातळ झालेलं असतं. गार असेपर्यंत ते कसाबसा दाब धरतं, गरम झालं आणि इंजिन हळू फिरायला लागलं की बेरिंगांच्या फटीतून पाण्यासारखं वाहून जातं.

दिवा मग कधी लागायचा, कधी नाही, तो का? तेही चाचांनीच सांगितलं. गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर चालवली की पेट्रोल साठत जातं. लांब पल्ल्याला तेल तापलं की त्यातलं बरंच वाफ होऊन ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, निघून जातं आणि दिवा काही दिवस गप्प बसतो. मला आठवलं, फेब्रुवारीत एकदा बाजारातून येताना असाच लुकलुकला होता, मग मुक्ताईनगरला जाऊन आलो आणि विसरलो. आई पानं उलटत होती. ॲव्हरेजही उतरलं होतं, सोळाचं चौदा. तिने ते लिहिलं होतं. मी वाचलं नव्हतं.

दुपारी पंप मिळवण्यात गेली. पहिल्या दोन दुकानांत "आता कोण ठेवतं" असं उत्तर, तिसऱ्यात वरच्या फळीवरून धुळीचा खोका खाली आला. जुना पंप खोलून चाचांनी डायफ्रॅम उजेडात धरला. कडेला नखाएवढी चीर, वाकवली की तोंड उघडायची, सोडली की मिटायची. तेल काढलं तेव्हा ते काकवीसारखं ओघळायच्या ऐवजी ताकासारखं पडलं. नवा फिल्टर, नवं २०डब्ल्यू-४० तेल, तीन लिटरच्या आत. मी जरा मिजास करून विचारलं, नव्या गाड्यांना घालतात ते पातळ सिंथेटिक घालू का? चाचा म्हणाले, "या इंजिनाच्या फटी आता आपल्या दातांसारख्या झाल्यात. जाडच घाला."

गेज लावूनच पुन्हा तापवलं. पंखा दोनदा फिरून बंद झाला. काटा एकच्या किंचित वर, स्थिर. मग स्विच बसवला, टेप न लावता. चावी फिरवली, झारी तांबडी लागली. इंजिन सुरू केलं, विझली. आईने मला हे तीनदा करून दाखवायला लावलं.

"आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, वाढवून दिलं असतं तर पाच मिनिटांत दिवा बंद झाला असता," चाचा पैसे मोजताना म्हणाले. "बरेच जण तेच करतात. गाडी इंदूरला जाऊन जाम होते." दोन हजार किलोमीटरवर तेल पुन्हा बदलायला सांगितलं, आतलं उरलंसुरलं निघून जावं म्हणून.

राजवाडे संशोधन मंडळ बघायचं ठरलं होतं. बंद व्हायच्या वेळेला दारापर्यंत पोचलो, पाटी वाचून परत आलो.

चौथा दिवस: धुळे, सोनगीर, सारंगखेडा, शहादा

विशेष काही घडलं नाही, हेच विशेष. सोनगीरला आग्रा रोड सोडला. गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांचं. आईने मावशीसाठी पितळी तांब्या घेतला आणि चाळीस रुपये कमी करायला अर्धा तास घेतला. दोंडाईचा ओलांडून सारंगखेड्याला तापी. दत्तजयंतीला इथे घोड्यांचा बाजार भरतो तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. आता वाळवंटात चार कुत्री आणि आम्ही. पुलाच्या अलीकडे गाडी चालू ठेवून पाच मिनिटं उभा राहिलो, फक्त दिवा बघायला. लागला नाही. इंजिन बंद केलं, चावी फिरवली, लागला. आई म्हणाली, "आता पुरे, पेट्रोल जळतंय."

शहाद्याच्या अलीकडे दोन्ही बाजूंना पपईच्या बागा, फळांना उन्हापासून वाचवायला कापडं गुंडाळलेली. मावशी ओट्यावरच बसली होती. "इतला येळ कथा लागना?" दोन बहिणी सहा वर्षांनी भेटल्या आणि पहिला तासभर गाडीच्या एसी पंपावर बोलल्या.

पाचवा दिवस: तोरणमाळ

पहाटे निघालो, मावशीही मागच्या सीटवर. म्हसावद, राणीपूर, मग सातपुडा अंगावर येतो. घाटाला सात पायरी म्हणतात. वळणं एकावर एक रचलेली, पहिल्या गिअरमध्ये मारुती घुंघुं करत चढते. मोहाची फुलं रस्त्यावर पडली होती, बायका-पोरं टोपल्यांत वेचत होती, काचा खाली केल्या की तो गोड, आंबूस वास थेट डोक्यात जायचा.

तिसऱ्या की चौथ्या वळणानंतर एका खड्ड्यात चाक आदळलं आणि झारी एकदा चमकली.

या वेळी पाय आधी ब्रेकवर गेला. कडेला घेतली, मागच्या चाकांना दगड लावले, बोनेट उघडलं. काठी काढली. आईने ती माझ्या हातातून घेतली, आधी नाकाशी नेली, मग खूण बघितली. "तेलच आहे. आणि तेवढंच आहे."

खड्ड्यात लागला तर तार. स्विचची तार काढून मोकळी ठेवली, चावी फिरवली. दिवा विझलेला, म्हणजे बरोबर. मग ती तार मुळापासून बोटांनी हलवत गेलो. ब्रॅकेटच्या काठाशी आल्यावर आतून मावशी ओरडली, "लागना, लागना!" दुमडून धरली, पुन्हा लागला. आवरण फाटून तांबं उघडं पडलं होतं, हादरा बसला की ब्रॅकेटला चिकटायचं. अमळनेरच्या पोराची चाचणी सपाट जमिनीवर, तार न हलवता झाली होती, त्यामुळे हे त्याला दिसलं नव्हतं. चाचांनाही नाही. काळा टेप नानांच्या डिकीतल्या डब्यात होता, कडक झालेला, पण चिकटला.

अकराशे मीटरच्या वर, यशवंत तलावाच्या काठावर पोचलो तेव्हा नऊ वाजले होते आणि स्वेटर नको, पण पदर घ्यावा, इतका गारवा होता. मावशीने दशम्या आणि लसणाची चटणी सोडली. आईने डायरी मांडीवर घेतली, किलोमीटर विचारले, काठीच्या रकान्यात 'वरच्या खुणेला टेकून' लिहिलं. मग थोडं थांबून, याआधी कधीच नसलेला एक रकाना रेघ मारून पाडला आणि त्यात लिहिलं: वास, नाही.